जोडून घेतलेला रविवार

नकाराचं पत्र दीड पानाचं होतं आणि त्यातलं सगळ्यांत सुबक वाक्य सुनीतीचं स्वतःचं होतं.

हे तिच्या लक्षात आलं तेव्हा ती दिल्लीत, द्वारकेतल्या आपल्या घरी, स्वयंपाकघरात उभी होती. एका हातात फोन, दुसऱ्या हाताला कणीक. ‘सदर कर्मचारी संस्थेची अधिकृत प्रतिनिधी म्हणून, संस्थेचा ध्वज सोबत घेऊन, अतिउंचीवरील जोखमीच्या पर्वतारोहण मोहिमेत सहभागी होत आहे.’ फायलीवर ते इंग्रजीत होतं, पण घडण तिची होती. ‘जोखमीच्या’ हा शब्द कुठे बसवायचा याचा विचार करताना त्या दिवशी तिचा चहा थंड झाला होता. विमा कंपनीने तेच वाक्य उचलून, अवतरणचिन्हांत ठेवून, खाली लिहिलं होतं की साहसी खेळात व्यावसायिक म्हणून भाग घेताना झालेली दुखापत पॉलिसीत बसत नाही. सबब ऑपरेशनची मंजुरी नाकारण्यात येत आहे.

बाहेरच्या खोलीत दिवाणावर तिच्या ऑफिसातली अपूर्वा पडली होती. डावा पाय तीन उशांवर. घोट्याच्या वरच्या हाडात घातलेल्या सळ्या कातडीतून बाहेर आलेल्या होत्या आणि त्यांना बाहेरून एक धातूची चौकट जोडलेली होती. सूज उतरली की हाडाला आतून पट्टी बसवायची आणि ही चौकट काढायची, असं ठरलं होतं. पडून नऊ दिवस झाले होते. डॉक्टरांनी चौदाव्या दिवसाची तारीख दिली होती आणि तीन आठवड्यांच्या पुढे गेलात तर हाड वाकडं धरायला लागेल, असंही बजावलं होतं.

“ताई, आलं का त्यांचं?” अपूर्वाने तिथूनच विचारलं.

“आलंय.”

“मग?”

“नाही म्हणतायत.”

“अच्छा,” अपूर्वा म्हणाली. “कारण काय देतायत?”

सुनीतीने हात धुतले. फोन पालथा ठेवला. आणि पहिल्यांदाच, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, तिने एक कागद दुसऱ्याला वाचून दाखवायचं टाळलं. “बघते मी,” ती म्हणाली. मग तिने शेगडीचे बर्नर काढले आणि तारेच्या घासणीने घासायला घेतले.

तिचा नवरा जयंत ऑफिसमधून आला, स्वयंपाकघराच्या दारात थबकला आणि चमकणारी शेगडी, चमकणारा ओटा, ओळीने लावलेले डबे बघून म्हणाला, “राग कोणावर आहे?”

“अजून ठरायचंय,” सुनीती म्हणाली.

सुनीतीचा जन्म दिल्लीतलाच. वडील संरक्षण लेखा विभागात, घर सरोजिनीनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. वडील माणसावर एक वेळ विश्वास ठेवत नसत, पण पावतीवर ठेवत. शाळेच्या सहलीची परवानगी हवी असली तरी अर्ज लिहून मागावा लागे, आणि अर्जात वजन नसलं तर तो परत येई. ‘साधं लिहिलंस तर साधंच मिळेल’ हे त्यांचं वाक्य. बाविसाव्या वर्षी ती एका केंद्रीय स्वायत्त संस्थेत कनिष्ठ लिपिक म्हणून लागली आणि सत्तावीस वर्षांत आस्थापना शाखेची अधीक्षक झाली. रजा, बदल्या, बढत्या, पेन्शन, सगळ्या फायली तिच्या टेबलावरून जात. तिची टिपणी वर गेली की खाली प्रश्न येत नसत. ऑफिसात तिला नोटिंगवाली मॅडम म्हणत. सोसायटीतले लोक पासपोर्टचे, पेन्शनचे, शाळाप्रवेशाचे फॉर्म घेऊन तिच्याकडे येत, आणि ती चष्मा नाकावर ओढून म्हणे, “आधी पूर्ण वाचा, मग पेन उघडा.”

या बाईला आपल्या अक्षराचा अभिमान होता, इतकंच म्हणून भागणार नाही. कागदावर नीट मांडली की कुठलीही गोष्ट खरी होते, असा तिचा खरोखरच समज होता.

अपूर्वा तीन वर्षांपूर्वी संस्थेत लागली. मूळची कारंज्याची, आता एकोणतीस वर्षांची; मुनिरक्यात चौथ्या मजल्यावर एक खोली, जिना इतका अरुंद की गॅसचं सिलिंडर नेताना वरच्याने वरच थांबायचं. मोडलेल्या पायाने तो चढणं शक्य नव्हतं, म्हणून ती आता सुनीतीकडे होती. पहिल्याच आठवड्यात तिने सुनीतीच्या टेबलाशी उभं राहून मराठीत विचारलं होतं, “ताई, इथे भाकरीचं पीठ कुठे मिळतं?” आणि तिथून ती घरची झाली. ऑफिसात मॅडम, बाहेर ताई. शनिवार-रविवारी ती नसे. चार मित्रांबरोबर फरिदाबादच्या पुढे धौजला जाई, तिथल्या खडकांवर चढायला. सोमवारी तिच्या बोटांची टोकं सोललेली असत आणि ती त्याच बोटांनी टाइप करी.

“काय मिळतं गं त्यातून?” सुनीतीने एकदा डब्याच्या वेळी विचारलं होतं.

“तिथे एका वेळी एकच काम असतं, ताई. पुढचा हात कुठे.” मग हसून, “इथे बघा ना, एका रजेला सहा सह्या.”

यंदा तिला हिमाचलातलं एक शिखर करायचं होतं, मित्रांबरोबर, स्वतःच्या पैशाने. तिचा अर्ज तीन ओळींचा होता. मला दहा दिवसांची अर्जित रजा हवी आहे. मित्रांबरोबर डोंगर चढायला जायचे आहे. कृपया मंजूर करावी.

सुनीतीने तो वाचला आणि तिला अक्षरशः कसंतरी झालं. “अशी कमावलेली रजा उधळायची? अशा मोहिमांसाठी विशेष नैमित्तिक रजा आहे. नियमात आहे. पगार चालू, तुझ्या खात्यातली एकही रजा कापली जात नाही. कामावरच असल्यासारखं धरतात.”

“पण आम्ही तर असंच चाललोय.”

“असंच कोणी जात नाही. असंच गेलेल्याला रजा मिळत नाही. केसला वजन हवं, तू गप बस.”

आणि तिने केसला वजन दिलं. अधिकृत प्रतिनिधी दिला, जोखीम दिली, अतिउंची दिली. संचालकांना फोटो आवडतात हे तिला ठाऊक होतं, म्हणून ध्वज दिला. फाईल दोन दिवसांत मंजूर होऊन खाली आली; शुक्रवारी दुपारी संचालकांनी पोर्चमध्ये अपूर्वाच्या हातात संस्थेचं बोधचिन्ह छापलेला निळा ध्वज दिला, फोटो निघाला, वार्तापत्रात गेला. मोहीम सोमवारी निघणार होती. आदेशाचा मसुदा करताना सुनीतीने, हात सवयीने चालला म्हणून, शेवटी एक ओळ घातली: रजेआधीचे शनिवार व रविवार जोडून घेण्यास परवानगी. सरकारी नोकरीत हे सगळेच करतात. सुट्ट्या रजेला जोडल्या की शुक्रवारी संध्याकाळीच गाव सोडता येतं, कोणी विचारत नाही. आशीर्वाद द्यावा तशी ती ओळ ती गेली सत्तावीस वर्षं देत आली होती.

अपूर्वा शुक्रवारी गाव सोडून गेलीच नाही. तिची तयारी व्हायची होती. शनिवारी तिने मुनिरक्यात बुटांच्या नाड्या घेतल्या, कपडे धुतले. रविवारी सकाळी नेहमीसारखी धौजला गेली, आणि दुपारी, वर दोर बांधण्यासाठी चढत असताना, बारा-तेरा फुटांवरून तिचा पाय निसटला. मित्रांनी दोन काठ्या घेतल्या. पाय बांधायला त्यांच्याकडे कापड नव्हतं, म्हणून तिच्या पाठपिशवीत शुक्रवारपासून पडून असलेला संस्थेचा निळा ध्वज काढला आणि त्याने बांधला.

मंगळवारी विमा कंपनीचा चौकशी करणारा माणूस संस्थेत आला. सभ्य होता, पाणी मागून प्यायला. कर्मचारी नियमित आहे ना, एवढंच बघायचंय म्हणाला. सुनीतीने त्याला नियुक्तिपत्र दिलं. आणि मग, आपली बाजू भक्कम व्हावी म्हणून, रजेचा आदेश टिपणीसकट दिला. प्रत्येक पानावर ‘सत्यप्रत’ असा शिक्का मारला. शिक्का फिकट उठला तेव्हा शाईच्या पॅडवर पुन्हा दाबून परत मारला.

दहाव्या दिवशी सकाळी ऑफिसला पोचल्यावर तिने आपलं लोखंडी कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात पॉलिसीच्या पुस्तिकांचा गठ्ठा होता. केंद्रीय आरोग्य योजना या संस्थेला लागू नव्हती, म्हणून सगळ्यांसाठी मिळून एक सामूहिक विमा घेतलेला. दर वर्षी पुस्तिका यायच्या आणि वाटण्याचं काम आस्थापना शाखेचं. वाटून उरलेल्या पंधरा-वीस अजून प्लास्टिकमध्ये होत्या. सगळ्यांना ‘आधी पूर्ण वाचा’ म्हणणाऱ्या बाईने ही पुस्तिका कधी उघडली नव्हती.

तिने प्लास्टिक फाडलं. काय मिळणार नाही त्याची यादी तेविसाव्या पानावर होती. गिर्यारोहण, खडकारोहण, नदीत तराफा, मोटारींच्या शर्यती, आकाशातून उड्या. पण या सगळ्याच्या आधी एक अट होती: व्यावसायिक म्हणून भाग घेतला असेल तर. म्हणजे जो पोटासाठी चढतो त्याला नाही. हौसेने चढणाऱ्याला पैसे नाकारावेत असं तिथे कुठेच लिहिलेलं नव्हतं. तिने ते पान तीन वेळा वाचलं. मग पर्स उचलली, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मेट्रोने जनकपुरीला कंपनीच्या कार्यालयात गेली.

तिथे तिला चेतना नावाच्या बाईंसमोर बसवलं. पस्तिशीच्या असतील. टेबलावर मुलाचा फोटो, दोन मॉनिटर. बोलणं हिंदीत.

“मॅडम, ऑर्डर तो आपके ही साइन से निकला है।”

“हाँ। और पॉलिसी आपकी है। तेईस नंबर पेज खोलिए। प्रोफेशनल लिखा है। वो लड़की क्लर्क है, पहाड़ चढ़ने के उसको कोई पैसे नहीं देता।”

“आप लोग दे रहे थे न।” चेतनाबाईंनी मॉनिटर तिच्याकडे वळवला. त्यांचा आवाज अजिबात चढलेला नव्हता, आणि त्याचाच सुनीतीला संताप आला. “स्पेशल लीव्ह है, सैलरी चालू है, ड्यूटी मानी जाएगी। ऑफिशियल रिप्रेझेंटेटिव्ह है। ड्यूटी पे, सैलरी ले के, संस्था के लिए चढ़ रही थी। इसको हम प्रोफेशनल ही मानेंगे।”

“गिरी है संडे को। एक्सपिडिशन मंडे से था।”

“सैटरडे-संडे जोड़ा हुआ है, मॅडम। आपने ही जोड़ा है। और ये देखिए,” त्यांनी फरिदाबादच्या दवाखान्याचा पहिला कागद उघडला, “पैर संस्था के बॅनर से बँधा हुआ आया था। मतलब झंडा साइट पे था।”

सुनीती त्या ओळीकडे बघत राहिली. कोणा डॉक्टरने घाईत लिहिलेलं होतं. मुलीचा पाय मोडलाय, कापड नाही, हाताला लागेल त्याने बांधतात. आणि कुठेतरी एक माणूस खुर्चीत बसून तो कागद वाचतो आणि त्याला त्यात पुरावा दिसतो.

“चेतनाजी,” ती म्हणाली, “संडे की सैलरी आपको भी मिलती है न?”

“जी?”

“महीने की सैलरी में संडे भी आता है। पिछले संडे आप कहाँ थीं?”

चेतनाबाई जरा हसल्या. “घर पे। बेटे का बर्थडे था।”

“तो केक आपने प्रोफेशनली काटा?”

शेजारच्या टेबलावरचा माणूस खाली बघून हसला. चेतनाबाईंचं हसू मावळलं. त्या मॉनिटर परत आपल्याकडे वळवून, काहीशा खालच्या आवाजात, म्हणाल्या, “मॅडम, मैं आपकी बात समझ रही हूँ। लेकिन मेरे सामने काग़ज़ है। आप काग़ज़ बदलवा के लाइए। संस्था लिख के दे कि उस दिन वो ड्यूटी पे नहीं थी, एक्सपिडिशन शुरू नहीं हुआ था। मैं उसी दिन ऊपर भेज दूँगी।”

परतीच्या मेट्रोत तिला बसायला जागा मिळाली तरी ती उभी राहिली. त्या बाईने जे म्हटलं होतं ते तिनेच हजार लोकांना म्हटलेलं होतं, शब्दाला शब्द. विधवा बायकांना, हयातीचा दाखला आणायला विसरलेल्या म्हाताऱ्यांना. माझ्यासमोर कागद आहे. कागद बदलून आणा.

प्रशासन अधिकारी बन्सल यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि मान हलवली. दिलेला आदेश मागे घ्यायचा म्हणजे फाईल पुन्हा संचालकांकडे जाणार. संचालकांचा ध्वजासकट फोटो वार्तापत्रात छापून मंत्रालयात पोचलेला. आता म्हणायचं की मोहिमेला संस्थेचं प्रतिनिधित्व नव्हतंच? मग विशेष रजा का दिली? लेखापरीक्षणवाले विचारणार.

“लिख के दे दीजिए बस, कि संडे को ड्यूटी नहीं थी,” सुनीती म्हणाली.

“सुनीतीजी, आपका प्रमोशन अगले महीने कमिटी में है। मैं आपके भले की बात कर रहा हूँ।” बन्सल वाईट माणूस नव्हते, त्यांच्या मुलीच्या व्हिसाचा फॉर्म सुनीतीनेच भरला होता. “लड़की जवान है, ठीक हो जाएगी।”

तिने तरीही टिपणी लिहून वर पाठवली. संध्याकाळी ती परत आली तेव्हा समासात हिरव्या शाईने तीन शब्द होते. कृपया चर्चा करें. याचा अर्थ तिच्याइतका कोणाला ठाऊक असणार. चर्चा होत नाही आणि फाईलही हलत नाही.

घरी आली तेव्हा जयंत अपूर्वाला आपली उकडलेल्या बटाट्यांची भाजी वाढत होता. “खा गं. हाडं नाही जुळणार पण तोंड पोळेल, एवढी तिखट झालीय.” अपूर्वा हसली नाही. तिच्या मांडीवर फोन होता आणि फोनवर ते दीड पानाचं पत्र. कंपनीने एक प्रत तिलाही पाठवली होती, पाठवणारच होती, आणि सुनीतीच्या ते ध्यानातच आलं नव्हतं.

“ताई, हे तुम्ही लिहिलंत?”

“फाईल पास व्हावी म्हणून...”

“मी तीन ओळी लिहिल्या होत्या.”

सुनीतीने पर्स खुर्चीवर ठेवली. जयंतने डाव खाली ठेवला आणि पुन्हा उचलला.

“मी लिहिलं होतं की मित्रांबरोबर चाललेय. माझी रजा कापा म्हटलं होतं. ते खरं होतं,” अपूर्वा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, फक्त प्रत्येक शब्द वेगळा येत होता. “मला कोणाची प्रतिनिधी व्हायचं नव्हतं. आठवडाभर मी तुमच्या त्या संस्थेचीच असते. रविवार एकटा माझा होता. तो पण जोडलात तुम्ही.”

“तुझ्या भल्यासाठीच...”

“माहितीये. सगळे भल्यासाठीच करतात. बाबा म्हणायचे, डोंगर चढू नकोस, ते पण भल्यासाठी. आता ते कारंज्यात सांगत फिरतायत की बघा, बजावलं होतं.” तिने पत्र बंद केलं. “मी दोर लावायलाच चढत होते, ताई. घाई नव्हती, स्टंट नव्हता. नीट, नियमाने चढत होते. पाय निसटला. एवढंच झालंय. पण यांच्या पत्रात वाचलं तर मी मरायलाच गेले होते.”

सुनीती आत गेली. नेहमीप्रमाणे काहीतरी घासायला घ्यावं म्हणून तिने हात पुढे केला, पण ओटा कालपासून स्वच्छच होता. ती तशीच उभी राहिली. आदल्या संध्याकाळपासून राग कोणावर आहे हे ठरायचं होतं. आता कळलं की तो एका जागी मावणारा नव्हता. तो कंपनीवर होता, जी हप्ता घेताना एका शब्दानं विचारत नाही की तुमची माणसं रविवारी काय करतात, आणि पैसे देताना रविवारच्या चिंध्या करते. तो बन्सलांच्या हिरव्या शाईवर होता, वडिलांच्या त्या एका वाक्यावर होता. आणि सगळ्यांत जास्त त्या चहावर होता, जो तिने एका विशेषणासाठी थंड होऊ दिला होता.

मुलगा ऋग्वेद बंगळुरूला शिकत होता. त्याची वर्षाची फी गेल्याच महिन्यात भरली होती. ऑपरेशनला लागणारी रक्कम घरात मोकळी नव्हती, आणि असती तरी अपूर्वाने घेतली नसती. जयंतने विचारून पाहिलं होतं. ती म्हणाली होती, “तुमचे घेतले तर त्यांचं बरोबर ठरेल, काका.”

बाराव्या दिवशी सकाळी सुनीती ऑफिसला न जाता द्वारका कोर्टाबाहेर गेली. तिथे झाडाखाली ओळीने टेबलं टाकून नोटरी बसतात. टायपिस्टने विचारलं, मजकूर काय? तिने पर्समधून कागद काढला. आयुष्यातला पहिला मजकूर, ज्यात तिने एकही विशेषण ठेवलं नव्हतं. मी आस्थापना शाखेची अधीक्षक आहे. अमुक क्रमांकाची टिपणी मी लिहिली. कर्मचाऱ्याने प्रतिनिधी होण्याची मागणी केली नव्हती. तो उल्लेख, ध्वजाची सूचना आणि जोखमीचं वर्णन मी माझ्या मनाने घातलं, रजा लवकर मंजूर व्हावी म्हणून. मोहीम सोमवारी निघणार होती. शनिवार-रविवार मी सवयीने जोडले. रविवारी ती स्वतःच्या सुट्टीत, स्वतःच्या खर्चाने, मित्रांबरोबर होती. सोबत अपूर्वाचा तीन ओळींचा मूळ अर्ज, जो सुनीतीने तेव्हा फाडून टाकण्याऐवजी, कुठलाच कागद फाडायचा नाही या सवयीने, ड्रॉवरमध्ये ठेवला होता.

“मॅडम, इसमें तो आप ही फँस रही हैं,” टायपिस्ट म्हणाला.

“टाइप करिए.”

ऑफिसच्या परवानगीशिवाय ऑफिसचं बाहेर सांगायचं नाही, हा नियम कुठल्या पानावर आहे तेही तिला माहीत होतं. तिने एक प्रत जनकपुरीला चेतनाबाईंच्या हातात दिली, एक कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला, आणि एक बन्सलांच्या टेबलावर ठेवली. चेतनाबाईंनी उभ्यानेच वाचलं. वाचून झाल्यावर बसल्या आणि म्हणाल्या, “लंच के पहले ऊपर भेजती हूँ।”

पण वर म्हणजे किती वर, ते कोणालाच माहीत नव्हतं. चौदावा दिवस आला आणि गेला. ऑपरेशनची जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. पंधराव्या दिवशी कंपनीने तोच दवाखान्याचा कागद पुन्हा मागवला, जो त्यांच्याकडे होता. सोळाव्या दिवशी फोनवर एक यंत्र म्हणत राहिलं की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. सुनीतीने तो कॉल स्पीकरवर टाकून सतरा मिनिटं पोळ्या लाटल्या. ऋग्वेदचा फोन आला तेव्हा ती त्याला सांगत होती की घोटा हलत नाहीये, आणि तो विचारत होता, “आई, घोटा म्हणजे?” “अँकल रे, अँकल,” ती म्हणाली आणि त्या पोरावरही उगीच चिडली.

सतराव्या दिवशी दुपारी दोन ओळींचा संदेश आला. पुनर्विलोकनानंतर मंजुरी देण्यात येत आहे. आमची सेवा कशी वाटली, पाच पैकी तारे द्या.

ऑपरेशन विसाव्या दिवशी झालं. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, हाड धरायला लागलं होतं, सोडवायला वेळ गेला. चालेल, जिने चढेल. घोटा पूर्वीइतका वाकणार नाही. खडकावर? त्यांनी खांदे उडवले. आठवड्याभरापूर्वी आला असतात तर मी जास्त चांगलं सांगू शकलो असतो.

जयंतने सुनीतीच्या कोपराला धरलं. तिने हात सोडवून घेतला आणि भिंतीकडे बघत उभी राहिली. त्या सहा दिवसांचा जाब कोणाला विचारायचा, याचा कुठलाही फॉर्म नव्हता.

तिला ज्ञापन मिळालं ते त्याच आठवड्यात. शासकीय टिपणीत अतिरंजित विधाने करणे व परवानगीविना बाह्य संस्थेशी पत्रव्यवहार करणे, याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये, दहा दिवसांत खुलासा करावा. बढतीच्या यादीतून नाव तूर्त वेगळं काढलेलं. मसुदा कोणा नवख्याने केला होता. नियमाचा क्रमांक चुकलेला, तारीख दोन ठिकाणी दोन. एरवी तिने एवढ्यावर तो कागद दोन वर्षं लटकवला असता. तिने पेन्सिलने दोन्ही चुका दुरुस्त करून ठेवल्या आणि खाली खुलासा लिहिला.

आरोप खरे आहेत. वाक्ये माझी होती. रविवार तिचा होता.

बन्सलांनी तो वाचून मान वर केली. “बस? इतना ही? आप तो चार पन्ने लिखती हैं। कुछ तो लिखिए, तबीयत, वर्कलोड, कुछ वज़न तो...”

“नहीं सर।”

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली तेव्हा अपूर्वा उशीला टेकून बसली होती. चौकट निघाली होती, पायाला पांढरं जाड बँडेज होतं आणि त्यातून बाहेर आलेली बोटं ती एकामागून एक हलवून बघत होती. मधल्या दिवसांत दोघी एकमेकींशी औषधं आणि जेवण यापलीकडे फारसं बोलल्या नव्हत्या.

“मेमो मिळाला म्हणे तुम्हाला,” अपूर्वा म्हणाली.

“मिळाला.”

“काय लिहिलंत?”

“तीन ओळी.”

अपूर्वाने तिच्याकडे पाहिलं. रागच होता तो, अजून होता. पण तिने तो बाजूला सरकवून बसायला जागा केल्यासारखी उशी जराशी सरकवली. सुनीती बसली. पर्समधून आजारपणाच्या रजेचा फॉर्म काढला, पेन काढलं आणि दोन्ही तिच्या मांडीवर ठेवलं.

“मी लिहू?” अपूर्वाने विचारलं.

“तूच लिही. आजपासून.”

अपूर्वाने नाव लिहिलं, पद लिहिलं, कारणाच्या रकान्यात ‘डावा पाय मोडला’ एवढंच लिहिलं. सुनीतीचा हात एकदा पुढे झाला आणि मागे आला. मग अपूर्वा त्या रकान्यापाशी थांबली, जिथे रजेला जोडायच्या सुट्ट्या लिहितात, आणि तिने मान वर केली.

“इथे?”

“इथे काही नाही लिहायचं,” सुनीती म्हणाली.